मेल लिहिताना उकार गायब, फक्त शेवटच्या ओळीत दिसतात

उंबरझाड

दोन दिवस एका मेलपायी डोकं पिकलंय, म्हणून शेवटी इथे विचारतोय.

ब्राउझरमध्ये वेबमेल उघडून मराठीत एक लांबलचक मेल लिहिलाय. तीन परिच्छेद आहेत. पहिला छान दिसतो. दुसऱ्यात अक्षरांखालचे उकार दिसतच नाहीत. 'कृपया'चं 'कपया' झालंय, 'सूचना'चं 'सचना'. गंमत म्हणजे 'सुरू'चं 'सर' न होता 'सरू' झालंय, म्हणजे एक उकार गेला आणि एक राहिला. त्याच परिच्छेदाच्या शेवटच्या ओळीत मात्र सगळे उकार जागच्या जागी आहेत. तिसऱ्या परिच्छेदाची तीच गत.

कॅशे साफ केली, मशीन बंद करून चालू केलं, झूम कमीजास्त करून पाहिलं. काही फरक नाही. हा मेल असाच गेला तर लोक हसतील.

झटपट

ब्राउझर काढून टाका आणि परत टाका. माझा सगळ्यावर हाच उपाय.

उंबरझाड

तेही झालं. आता साठवलेले पासवर्डही परत टाकत बसलोय.

काना_मात्रा

शब्दांखाली लाल नागमोडी रेघा येतायत का? स्पेलचेक इंग्रजीचा असेल तर प्रत्येक मराठी शब्द त्याला चुकीचा वाटतो, आणि ती रेघ नेमकी उकारांवरून जाते. लहान अक्षरात 'पु' आणि 'पू' ओळखणं कठीण होतं. मजकुराच्या चौकटीत राइट-क्लिक करा, स्पेलचेकचा पर्याय दिसेल, तिथली टिक काढा. व्याकरण तपासणारं एखादं एक्स्टेन्शन असेल तर तेही बंद करा, त्याची स्वतःची वेगळी रेघ असते.

उंबरझाड

रेघा होत्या. काढल्या. पहिला परिच्छेद आणखी स्वच्छ दिसायला लागला, त्याबद्दल धन्यवाद. दुसऱ्यात 'कपया' तसंच.

खोडरबर

मला फॉन्टचा संशय येतोय. वेबमेलच्या यादीतले जॉर्जिया, व्हर्डाना वगैरे फॉन्ट आपल्या कामाचे नाहीत, त्यांच्यात देवनागरी अक्षरंच नसतात. आपण मोठ्या हौसेने जॉर्जिया निवडतो, मग ब्राउझर त्यात 'क' शोधतो, मिळत नाही, आणि मशीनवर जो देवनागरी फॉन्ट हाताला लागेल तो लावतो. विंडोजवर बहुधा निर्मला नाहीतर मंगल, मॅकवर कोहिनूर, लिनक्सवर नोटो किंवा लोहित. त्यामुळे फॉन्ट बदलला की फक्त इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे बदलतात, मराठी ढिम्म हलत नाही. तुमच्या दुसऱ्या परिच्छेदाला वेगळा देवनागरी फॉन्ट चिकटला असेल आणि त्यात उकार नीट बसत नसतील.

कंट्रोल आणि शून्य दाबून झूम मूळ जागी आणा, आणि ब्राउझरच्या सेटिंगमध्ये किमान अक्षर-आकार काही भलता ठेवलाय का तेही बघा.

उंबरझाड

झूम १०० वर आहे, किमान आकार शून्य. यादीतले सगळे फॉन्ट लावून झाले. तुम्ही म्हणता तसं आकड्यांचं रूप बदलतं, मराठीचं नाही.

शंकेखोर

फॉन्टमध्ये उकारच नीट नसते तर शेवटच्या ओळीत तरी कुठून आले असते? 'शेवटच्या ओळीत दिसतात' हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण सगळी मेख तिथेच दिसते. उपाय करण्याआधी तीन गोष्टी करून बघा.

'कपया'मधल्या 'क'च्या लगेच पुढे कर्सर ठेवा आणि बॅकस्पेस एकदाच दाबा. काय होतं ते सांगा. मग कंट्रोल-झेड.

मग तो परिच्छेद उचलून नोटपॅडमध्ये टाका. तिथे उकार दिसतात का?

शेवटी खिडकीची रुंदी कमी करा, म्हणजे ओळी वेगळ्या ठिकाणी मोडतील. आधी शेवटच्या ओळीत असलेला एखादा शब्द वर गेला तर त्याचा उकार राहतो का, आणि वरचा शब्द शेवटच्या ओळीत आला तर त्याचा परत येतो का?

उंबरझाड

'क'पुढे बॅकस्पेस दाबल्यावर काहीच झालं नाही. दुसऱ्यांदा दाबल्यावर 'क' गेला.

नोटपॅडमध्ये सगळे उकार शाबूत.

खिडकी अरुंद केल्यावर तर भुताटकीच. 'मुदत' हा शब्द शेवटच्या ओळीत नीट होता, वर सरकला आणि 'मदत' झाला! आणि 'पूर्ण' खाली आला तर त्याला उकार फुटला.

शंकेखोर

छान, भूत सापडलं.

पहिल्यांदा बॅकस्पेस दाबला तेव्हा 'काहीच झालं नाही' असं वाटलं, पण खरं तर न दिसणारा ऋकार खोडला गेला. देवनागरीत बॅकस्पेस अक्षर एकदम न खोडता शेवटची मात्रा किंवा उकार आधी खोडतो. म्हणजे उकार तिथे आहेत. नोटपॅडनेही तेच सांगितलं. तुमचा मजकूर ठणठणीत आहे, त्याच्यावर काहीतरी झाकण बसलंय.

ते झाकण म्हणजे खालची ओळ. मजकुराला पांढरी पार्श्वभूमी लागलेली असावी. पांढऱ्यावर पांढरी, म्हणून नजरेला पडत नाही. ब्राउझर ओळी वरून खाली रंगवत येतो. पहिली ओळ रंगवली, उकारांसकट. मग दुसऱ्या ओळीची पांढरी पट्टी ओढली आणि तिच्यावर अक्षरं काढली. दोन ओळींत पुरेसं अंतर असेल तर काही बिघडत नाही. ओळी फार जवळ असतील तर दुसरीची पट्टी पहिलीच्या पायांवर येते. शेवटच्या ओळीखाली पट्टी ओढणारं कुणी नाही, म्हणून ती वाचते. 'रू'चा उकार खाली नसून पोटाशी असतो, म्हणून 'सुरू'तला दुसरा उकारही वाचला.

आता तुम्ही सांगा. मजकूर कुठून आणला? आणि इथे आणल्यावर अक्षर मोठं केलं का?

उंबरझाड

तुम्ही माझ्या खांद्यावरून बघताय का?

मूळ मजकूर एका संकेतस्थळावरचा. तो वर्डमध्ये घेतला. दोन पानांत बसेना म्हणून ओळींमधलं अंतर 'एक्झॅक्टली' करून १४ पॉइंट ठेवलं. मग तिथून मेलमध्ये. मेलमध्ये बारीक वाटलं म्हणून आकार 'लार्ज' केला.

पण मग तिसऱ्या परिच्छेदाचं काय? तो मी मेलमध्येच हाताने टाइप केलाय, कुठून आणलेला नाही. म्हणून तर पेस्टवर संशय गेला नाही.

शंकेखोर

दुसऱ्याच्या शेवटी कर्सर ठेवून एंटर मारला असणार. एंटर मारला की नवा परिच्छेद वरच्याचे कपडे घालून येतो. रंग, पार्श्वभूमी, ओळींचं अंतर, सगळं वारशाने. हातानं टाइप केलं तरी ते पेस्टच्याच घरात राहायला जातं.

ही वंशावळ डोळ्यांनी बघायची असेल तर त्या परिच्छेदावर राइट-क्लिक करून 'इन्स्पेक्ट' निवडा. उजवीकडे किंवा खाली कोडची खिडकी उघडेल. तुमच्या परिच्छेदाच्या टॅगमध्ये, म्हणजे त्याच्या सुरुवातीच्या कोडखुणेत, 'स्टाइल' लिहिलेलं असेल, त्यात 'लाइन-हाइट' आणि 'बॅकग्राउंड' शोधा. काही बदलू नका, फक्त बघा.

उंबरझाड

बघितलं. परिच्छेदाच्या टॅगवर 'लाइन-हाइट' १४ पॉइंट. त्याच्या आतल्या स्पॅनवर, म्हणजे मजकुराच्या तुकड्याभोवतीच्या टॅगवर, 'बॅकग्राउंड' पांढरा. शिवाय स्पॅनमध्ये स्पॅन, त्यात स्पॅन, प्रत्येकावर फॉन्टचं नाव. माझं एक वाक्य आणि त्याभोवती वीतभर कोड. हे सगळं पाठवणार होतो मी?

खोडरबर

मग माझा फॉन्टचा तर्क मागे घेतो. पण साफ करायला सोपी वाट आहे: सगळा मजकूर निवडा आणि फॉरमॅटिंग काढण्याचं बटण दाबा. इंग्रजी 'टी'वर तिरकी फुली असं चित्र असतं.

उंबरझाड

दाबलं. उकार आले! पण अक्षर परत बारीक झालं. पुन्हा मोठं केलं, तर आता उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतायत. सगळं दिसतं, पण गर्दीच्या लोकलसारखं.

शंकेखोर

ते बटण अक्षरांवरचे कपडे उतरवतं, परिच्छेदावरचे नाही. ठळक, तिरपं, रंग, आकार, पार्श्वभूमी हे अक्षरांचं, ते गेलं. ओळींचं अंतर परिच्छेदाच्या टॅगवर, ते तसंच राहिलं. म्हणून झाकण उघडलं, पण ओळी अजून १४ पॉइंटांच्या खोक्यातच कोंबलेल्या आहेत. देवनागरीला वर वेलांटी-मात्रांसाठी आणि खाली उकारांसाठी जागा लागते. इंग्रजीला पुरणारं अंतर आपल्याला अपुरं पडतं ते त्यामुळेच.

आता असं करा. नोटपॅडमधला तो मजकूर उचला आणि नव्या, कोऱ्या मेलमध्ये टाका. थेट वर्डमधून आणायचा असेल तर कंट्रोल-व्हीऐवजी कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबा, मॅकवर कमांड-शिफ्ट-व्ही. त्याने फक्त अक्षरं येतात, कपडे बाहेर राहतात. क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हीत चालतं.

'कोऱ्या मेलमध्ये' म्हणालो ते मुद्दाम. याच ड्राफ्टमध्ये जुना परिच्छेद पुसून त्याच जागी टाकलंत तर रिकाम्या परिच्छेदाला चिकटलेलं १४ पॉइंटचं खोकं नव्या मजकुरालाही मिळेल.

उंबरझाड

नेमकं तेच केलं होतं आणि 'कंट्रोल-शिफ्ट-व्हीचाही उपयोग नाही' असं लिहायला आलो होतो. मग तुमचं शेवटचं वाक्य वाचलं. कोऱ्या मेलमध्ये टाकलं आणि सुटलं. दोन दिवस!

दोन लिंका मेल्या आणि ठळक केलेले शब्द साधे झाले, पण ते हाताने करीन.

निळी_शाई

धागा हायजॅक करतेय, माफ करा, पण माझं दुखणं याच कुळातलं वाटतंय. मी ब्राउझर गडद रंगात वापरते. मला मेल नीट दिसतो, पण समोरचा म्हणतो की मधली दोन वाक्यं अगदी फिकट राखाडी आहेत, जेमतेम वाचता येतात.

शंकेखोर

गडद रंग वेबमेलच्या स्वतःच्या थीमचा आहे की एक्स्टेन्शनचा? थीम साधारणपणे फक्त तुमच्या पडद्यापुरती असते. पण पान काळं करणारी काही एक्स्टेन्शनं लिहिण्याच्या चौकटीतल्या मजकुरालाही फिकट रंग लावतात, आणि तो मेलबरोबर पुढे जाऊ शकतो. तुमच्या काळ्या पानावर फिकट अक्षर शोभतं, त्याच्या पांढऱ्या पानावर विरघळतं. उलटंही होतं. वर्डमधून आलेला मजकूर 'काळा' असा ठरवून येतो, आणि गडद पानावर वाचणाऱ्याला तिथे परिच्छेदच नाही असं वाटतं.

इन्कॉग्निटो खिडकीत तोच मेल लिहून स्वतःलाच पाठवा. तिथे एक्स्टेन्शनं आपोआप बंद असतात, तुम्ही मुद्दाम परवानगी दिली नसेल तर. फायरफॉक्स असेल तर मदतीच्या मेनूत 'ट्रबलशूट मोड' आहे. तिथून गेलेला मेल नीट असेल तर गुन्हेगार एक्स्टेन्शनांतच आहे. एकेक चालू करत जा.

निळी_शाई

इन्कॉग्निटोतून गेलेला नीट दिसतो असा निरोप आला. आता वेबमेलच्या पत्त्यापुरतं ते एक्स्टेन्शन बंद ठेवलंय. रात्री डोळे दिपतात, पण चालवून घेईन.

पोस्टकार्ड

कंट्रोल-शिफ्ट-व्ही वाचून लगेच करून पाहिलं, तर मजकुराची पार वाट लागली. वर्डमध्ये स्वच्छ मराठी, मेलमध्ये नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम. साध्या पेस्टने निदान माझ्याकडे तरी मराठी दिसत होतं. म्हणजे ही युक्ती सगळ्यांना सांगू नका.

काना_मात्रा

तुमचा दस्तऐवज किती जुना आहे? त्यातला मजकूर निवडा आणि वर फॉन्टचं नाव वाचा.

पोस्टकार्ड

कृतिदेव. बराच जुना आहे, कुणीतरी दिलेला.

काना_मात्रा

मग दोष युक्तीचा नाही. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधी असे पुष्कळ फॉन्ट होते. त्यांत मजकूर खरं तर रोमन अक्षरांचाच असतो, फॉन्ट फक्त त्या अक्षरांना मराठी मुखवटा चढवतो. मुखवटा तुमच्या मशीनवर आहे, म्हणून साध्या पेस्टने तुम्हाला मराठी दिसलं. ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला आता तुम्हाला दिसतोय तोच कचरा दिसला असता. पाठवायच्या आधी कळलं हे बरंच झालं.

तो मजकूर आधी परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणा, मग मेलमध्ये टाका. आणि परिवर्तनानंतर ऱ्हस्व वेलांट्या डोळ्यांत तेल घालून तपासा. जुन्या फॉन्टांत 'कि' लिहिताना वेलांटी आधी आणि 'क' नंतर साठवला जायचा, जसा कागदावर दिसतो तसा. युनिकोडमध्ये 'क' आधी, वेलांटी नंतर. अदलाबदल नीट झाली नाही की वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते, किंवा ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकते. ते वर्तुळ दिसलं की समजायचं, मात्रेला बसायला अक्षर मिळालेलं नाही. फॉन्ट बदलून ते जात नाही, तिथला मजकूरच दुरुस्त करावा लागतो.

खोडरबर

'दुसऱ्या', 'तऱ्हा' हेही बघा. हा अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एकात साधा र, हलन्त आणि मग डोळ्यांना न दिसणारा एक जोडक असतो. दुसऱ्यात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. दिसायला दोन्ही सारखे. पण मजकूर 'साफ' करणारी काही साधनं न दिसणारी चिन्हं उडवतात, मग जोडक जातो आणि 'दुसर्या' असा रफार डोक्यावर चढतो. ऱ वापरला तर उडवायला काही शिल्लकच राहत नाही. मी म्हणूनच तो वापरतो.

पोस्टकार्ड

परिवर्तन केलं. तीन वेलांट्या आणि एक वर्तुळ सापडलं. तक्रार मागे. बसल्या जागी अजून एक विचारतो. एकांकडून मला मराठी मेल आला त्यात नुसती प्रश्नचिन्हं आहेत. ब्राउझरमध्ये काही बदलून ती वाचता येतील का?

शंकेखोर

नुसती साधी प्रश्नचिन्हं असतील तर नाही. काय दिसतंय ते नीट बघितलं तर निम्मं निदान तिथेच होतं.

अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसले तर अक्षरं सुखरूप आहेत, फक्त त्या मशीनवर ती काढणारा फॉन्ट नाही. फॉन्ट टाकला की दिसतील. गूगलच्या नोटो फॉन्टचं नावच त्यावरून पडलंय. या चौकोनांना गमतीने 'टोफू' म्हणतात, आणि नोटो म्हणजे टोफू नको.

डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या रोमन 'ए'ची माळ दिसली, दर तीन चिन्हांनी पुन्हा तोच 'ए', तर अक्षरं आहेत पण वाचणाऱ्या प्रोग्रॅमने चुकीची चावी लावलीय. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवायच्या नेहमीच्या सांकेतिकीत (एन्कोडिंगमध्ये), देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं आणि तिन्हींतला पहिला सगळ्यांचा सारखाच. जुन्या पाश्चात्य सांकेतिकीने वाचलं की एका अक्षराची तीन चिन्हं होतात. हे वाचवता येतं. फायरफॉक्सच्या 'व्ह्यू' मेनूत मजकुराची सांकेतिकी दुरुस्त करायचा पर्याय आहे, अख्खं पान तसं झालं असेल तर करून बघा.

साधी प्रश्नचिन्हं म्हणजे वाटेत कुठल्यातरी प्रोग्रॅमने 'हे अक्षर माझ्याकडे नाही' म्हणून त्या जागी प्रश्नचिन्ह लिहून टाकलं. मूळ अक्षर फेकून दिलं. आता तिथे खरोखरच प्रश्नचिन्ह आहे. परत पाठवायला सांगा, आणि ब्राउझरमधून पाठवायला सांगा.

ईमेल मुळात सात बिटांच्या इंग्रजी अक्षरांसाठी बनलं. बाकीच्या लिप्यांना १९९२ साली माइम नावाचं ईमेलचं प्रमाण आल्यावर वाट मिळाली. विषयाच्या ओळीत कधी बरोबरचं चिन्ह, प्रश्नचिन्ह, 'यूटीएफ-८' आणि पुढे अगम्य रोमन असं शेपूट दिसतं, तीही त्याच सोयीची गुंडाळी. समोरच्या प्रोग्रॅमने ती उलगडली नाही की तशीच दिसते.

झटपट

माझंही घ्या. पाठवलेल्या मेलचा शेवटचा शब्द कधीकधी अर्धाच जातो. 'धन्यवाद'चं 'धन्यवा'. ब्राउझर परत टाकूनही होतं.

काना_मात्रा

रोमनमध्ये टाइप करून मराठी करणारा कळफलक ना? टाइप होणाऱ्या शब्दाखाली बारीक रेघ दिसते, तोवर तो शब्द कच्चा असतो, चौकटीत पक्का उतरलेला नसतो. तेवढ्यात माउसने 'पाठवा' दाबलं की काही वेळा कच्चा भाग गळतो. शेवटी एक स्पेस द्या, रेघ गेली की पाठवा.

झटपट

स्पेस दिली. गेला पूर्ण. पुनःस्थापनेत माझे किती तास गेले ते विचारू नका.

उंबरझाड

मेल गेला. पण पाठवलेल्यांमध्ये उघडून पाहिला तर खाली सहीत माझा हुद्दा 'उपप्रमख' दिसतोय! सही कधीतरी कुठूनतरी उचलून सेटिंगमध्ये चिकटवली होती. दोन ओळींची आहे, वरच्या ओळीचा उकार खालचीने खाल्ला. इतके दिवस प्रत्येक मेलखाली हेच जात होतं, आणि कुणी एका शब्दाने बोललं नाही.

सेटिंगमध्ये जाऊन पूर्ण पुसली, हाताने टाइप केली. आता 'उपप्रमुख' आहे.